उरलेलं बटाट्याचं बेणं आता लावू का?

प्रश्न: बटाट्याची लागवड झाली आणि चार-पाच किलो बेणं उरलं. अंधाऱ्या कोपऱ्यात पोत्यात तसंच पडून राहिलं, आता उघडून बघतो तर बोटभर लांब पांढरे मोड आलेत आणि बटाटे सुरकुतलेत. लागवडीची वेळ टळून महिना झाला. आता लावून काही हाती लागेल का, की सरळ भाजीत घालून संपवू?

उत्तर: भाजीचं आधी डोक्यातून काढा. बेण्याला बरेचदा बुरशीनाशक लावलेलं असतं, शिवाय मोड आलेल्या, हिरवट पडलेल्या बटाट्यात सोलानिन हे विषारी द्रव्य वाढतं आणि ते शिजवूनही जात नाही. लावायचं म्हणाल तर लावा, पण त्याआधी दिवस मोजा. लवकर येणाऱ्या वाणालाही 75 ते 90 दिवस लागतात, आणि बटाटे पोसायला रात्र गार हवी, साधारण 15 ते 20 अंश. जमीन 30 अंशांच्या आसपास तापली की पाला मस्त माजतो आणि खाली काहीच धरत नाही. त्यामुळे कडक ऊन किंवा हिमकडाका यायला अडीच महिने असतील तरच हात घाला. 110-120 दिवसांचं वाण असेल तर सोडून द्या.

आता बेणं निवडायचं. एकेक बटाटा दाबून बघा, सुरकुतलेला पण घट्ट लागला तर चालेल, बोट रुतलं किंवा डोळ्यातून चिकट पाणी आलं की फेका, कंपोस्टमध्येसुद्धा नको. मोड सुतासारखे बारीक असतील तर तेही बाजूला काढा, त्यातून धड झाड उभं राहत नाही. बरेच जण सांगतात की लांब मोड खुडा, नवे येतात. येतात हो, पण बेणं आधीच म्हातारं झालंय, त्यातला साठा त्या मोडांनीच खाल्लाय, परत खुडून अजून किती दमवायचं? त्यापेक्षा चार-सहा दिवस सावलीत उजेडाला पसरून ठेवा, मोड हिरवे आणि जरा दणकट होतात. जुन्या बेण्याची एक गोष्ट उशिराच्या लागवडीत फायद्याची पण आहे, ते लवकर उगवतं आणि लवकर बटाटे धरतं. फक्त माल कमी आणि बारीक निघतो.

कापून लावू नका, अख्खे लावा. गरम ओल्या मातीत कापलेली फोड कुजायला वेळ लागत नाही. चार इंच खोल सरीत बटाटा आडवा ठेवून लांब मोड हलक्या हाताने मातीत निजवा, मोडला की गेला. वर वाळल्या पाल्याचं आच्छादन टाका म्हणजे माती गार राहते. उगवून येईपर्यंत पाणी बेताचंच. रोप वीतभर झालं की बुडाशी माती चढवून भर द्या, नाहीतर उघडे पडलेले बटाटे हिरवे होतात. युरियाचा मोह टाळा.

हवा गार-दमट झाली तर करपा रोगावर लक्ष ठेवा. सकाळी पान उलटून बघायचं, काळपट डागाच्या कडेला पांढरी बुरशी दिसली आणि पसरायला लागली तर पाला कापून बाहेर काढा आणि दोनेक आठवड्यांनी खणा, तोवर साल पक्की होते.

आणि यातले बारके बटाटे पुढच्या हंगामाला बेणं म्हणून ठेवू नका, खाऊन टाका, कारण उशिराच्या पिकावर मावा (रस शोषणारी बारीक कीड) जास्त बसतो आणि त्याच्याबरोबर व्हायरस बटाट्यात उतरतो.