शेवटच्या पानावरची सही

प्रश्न : बाई, सप्रेम सलाम. माझी मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. माझा भाऊ अमेरिकेत असतो, त्याच्या ओळखीने तिथल्या एका ख्रिस्ती कॉलेजात तिला जीवशास्त्राला प्रवेश मिळतोय, थोडी शिष्यवृत्तीही आहे. आम्ही सी.एन.आय.चे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), पिढ्यानपिढ्या. फॉर्मसोबत 'आम्ही काय मानतो' असं अकरा कलमांचं पत्रक आलंय आणि प्रत्येक कलमापुढे मुलीने आद्याक्षरं घालायची आहेत. मिस्टर म्हणतात, इन्शुरन्सच्या कागदावर आपण वाचून सही करतो का? पाळकसाहेब म्हणाले, ख्रिस्ती कॉलेज आहे ना, मग काळजी कसली. मुलगी म्हणते, मम्मी, सगळीकडे घालून टाकते. पण चौथ्या कलमात आहे की बाप्तिस्मा फक्त जाणत्या वयात आणि पाण्यात बुडवूनच. तिचा तर तान्हेपणी झालाय. सहाव्यात सृष्टी चोवीस तासांच्या सहा दिवसांत झाली असं आहे. नवव्यात प्रभूच्या येण्याचा सगळा क्रम दिलाय, तो मला दोनदा वाचूनही कळला नाही. कॉलेज पारखायचं तर नेमकं काय बघायचं? – एक आई, ऐरोली

उत्तर : सलाम, ताई.

मिस्टरांना माझा निरोप सांगा, इन्शुरन्सचाही कागद वाचत चला. क्लेम नाकारला की सगळेच वाचतात, आणि तेव्हा बारीक अक्षरं चष्म्याशिवायही दिसतात.

मी स्वतः या खड्ड्यात पडलेली आहे. १९७६ साली, एकोणिसाव्या वर्षी, एका बायबल शाळेत गेले. नाव-गाव सांगत नाही. तिथली काही माणसं मला अजून नाताळचं कार्ड पाठवतात. फॉर्म वडिलांनी आणला होता. एस.टी. सुटायला दहा मिनिटं होती, तेव्हा स्टँडवरच्या गुऱ्हाळाच्या बाकड्यावर सही केली. शेवटच्या पानावर बारा-तेरा ओळी होत्या आणि त्यांवर रसाच्या ग्लासाचा ओला गोल उमटला, एवढंच त्या पानाबद्दल मला आठवतं.

शाळेच्या चॅपलमागे एक हौद होता, वर पत्रा टाकलेला. मला वाटायचं, पावसाचं पाणी साठवत असतील. दुसऱ्या वर्षी ईस्टरच्या आधी पत्रा निघाला, हौद काथ्याने घासला गेला आणि फळ्यावर यादी लागली : 'बाप्तिस्मा बाकी'. तिसरं नाव माझं. बाकी! माझे वडील पाळक. त्यांनीच मला मांडीवर घेऊन पितळी वाटीतल्या पाण्याने बाप्तिस्मा दिला होता. ती वाटी आजही माझ्या कपाटात आहे.

मी नाही म्हटलं. कुणी ओरडलं नाही की रागावलं नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेत माझी पाळी येणं तेवढं बंद झालं, आणि मे महिन्यात सर्टिफिकेटऐवजी दोन वर्षं हजर होती असा दाखला हातात पडला. चडफडत घरी आले तर वडिलांनी ट्रंकेतून फॉर्मची कार्बन प्रत काढून पुढ्यात ठेवली. सातवी ओळ. लिहिलेलं होतं, ताई. माझ्याशी कुणी लबाडी केली नव्हती. वडिलांनीही ती ओळ तेव्हाच पहिल्यांदा वाचली असावी, चेहरा तसाच झाला होता त्यांचा. पुढे मी सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या शाळेत, मंडळीचा (चर्चचा) इतिहास शिकवला, तो बहुधा त्या सातव्या ओळीच्या रागानेच.

आता तुमचं पत्रक. त्याची झेरॉक्स काढा आणि मुलीला तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन बसवा. तुम्ही शेजारी बसा, पण पेन्सिल तिच्या हातात असू द्या.

पहिला रंग : जे तुम्ही रविवारी उभं राहून म्हणताच. प्रेषितांचा विश्वासाचा अंगीकार, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणारा उपासनेतला पाठ, तुम्हाला तोंडपाठ असेल. सन ३२५ मध्ये नायसियाला आणि ३८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला परिषदा भरल्या, त्यांतून आलेला अंगीकारही प्रभुभोजनाच्या उपासनेत म्हणत असाल. पिता, पुत्र, पवित्र आत्मा, देहधारण, पुनरुत्थान यांवर कॅथलिक, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट सगळे एकत्र उभे राहतात. तुमच्या अकरातली पाच-सहा कलमं इथेच संपतील.

दुसरा रंग घराण्याचा. बाप्तिस्मा कधी आणि कसा, प्रभुभोजनात नेमकं काय घडतं, बिशप हवा की नको. यावरून माणसं चारशे-पाचशे वर्षं भांडत आली आहेत. तुमची सी.एन.आय. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन झाली. त्यात तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते, तसे बाळाला मुळीच न देणारे बॅप्टिस्टही होते, आणि दोघांच्याही रीती चालतील असं ठरवूनच ती मंडळी उभी राहिली. म्हणजे चौथ्या कलमातलं भांडण तुमच्या घरात आधीच येऊन, जेवून, झोपून गेलेलं आहे. अडचण बुडवण्याची नाही. अडचण 'फक्त' या शब्दाची आहे. पत्रकात 'फक्त', 'शब्दशः', 'एकमेव' असे शब्द दिसतील तिथे पेन्सिल दाबून गिरवा.

तिसरा रंग नव्या भांडणांचा, आणि खरी मेख तिथे आहे. जुन्यापुराण्या वाटणाऱ्या पुष्कळ ओळी वयाने आपल्या आजीएवढ्याही नसतात. तुम्हाला न कळलेलं नववं कलम घ्या. अंगीकारात आपण एवढंच म्हणतो की तो जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला येईल. आधी विश्वासणाऱ्यांना हवेत उचलून घेणं, मग सात वर्षांचं संकट, मग हजार वर्षांचं राज्य हा जो क्रम अशा कलमांत असतो, तो जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाने एकोणिसाव्या शतकात मांडला आणि १९०९ च्या स्कोफील्ड टीपांच्या बायबलमुळे अमेरिकेत घरोघर पोचला. तुम्हाला कळला नाही तर लाजू नका, नायसियाच्या बिशपांनाही कळला नसता. शास्त्रात कसलीच चूक नाही, इतिहासात नाही की विज्ञानात नाही, हे काटेकोर शब्दांत मांडणारं शिकागोचं निवेदन १९७८ चं. याउलट मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या कॅल्विन विद्यापीठाचे प्राध्यापक विश्वासाच्या ज्या तीन जुन्या मतपत्रांना बांधलेले असतात, त्यांतलं पहिलं १५६१ चं, दुसरं १५६३ चं आणि शेवटचं १६१९ मध्ये पुरं झालेलं. डार्विनचा ग्रंथ यायला तेव्हा २४० वर्षं बाकी होती. म्हणून प्रत्येक कलमाचं जन्मसाल विचारा. कोणाशी भांडताना ते लिहिलं गेलं, हे त्यावरून कळतं.

सहावं कलम तर तुमच्या मुलीच्या थेट ताटात येणार आहे. ती जीवशास्त्र शिकायला चालली आहे. तेव्हा तिने प्रवेश कार्यालयाला न विचारता जीवशास्त्राच्या विभागप्रमुखांना ईमेल करावी. पहिल्या वर्षाला पाठ्यपुस्तक कोणतं? उत्क्रांती शिकवता का, आणि शिकवता ती विषय म्हणून की खोडून काढायला? इथून निघालेली मुलं पुढे संशोधनाला कुठे गेली? सगळी ख्रिस्ती कॉलेजं याबाबत एका माळेचे मणी नाहीत, त्यामुळे भावाचा 'माझ्या ओळखीचे आहेत' हा दाखला इथे कामाचा नाही.

मग बघायचं, या कागदावर सही कोण कोण करतं. इलिनॉयमधल्या व्हीटन कॉलेजात विश्वासपत्राला प्राध्यापकांनी दरवर्षी नव्याने मान्यता द्यायची असते. विद्यार्थ्यांना वागणुकीच्या कराराने बांधलेलं असतं. तुमचं कॉलेज अठरा वर्षांच्या पोरीकडून मतांवरच आद्याक्षरं मागतंय, हे पुष्कळ जास्त मागणं आहे. आणि सही झाली तरी अर्थ कोण लावणार? व्हीटनमध्येच डिसेंबर २०१५ मध्ये लॅरिशिया हॉकिन्स या राज्यशास्त्राच्या प्राध्यापिकेने मुस्लिमांना पाठिंबा म्हणून हिजाब घातला आणि ते व आपण एकाच देवाची उपासना करतो असं लिहिलं. कॉलेजने त्यांना रजेवर पाठवलं, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये दोघांनी समझोत्याने वाटा वेगळ्या केल्या. बाईंचं म्हणणं, मी विश्वासपत्राबाहेर गेलेच नाही. कॉलेजचं म्हणणं, गेलात. पत्रक तेच होतं. म्हणून तुमच्या कॉलेजला सरळ विचारा : मतभेद झाला तर निर्णय कोणाचा, अध्यक्षांचा, विश्वस्तांचा की एखाद्या मंडळीचा?

आणि पत्रकाबरोबर नियमांची वही मागवा. ती मागितल्याशिवाय येत नाही. साउथ कॅरोलायनातल्या बॉब जोन्स विद्यापीठाचं मतपत्र वाचलं तर तुमच्या पाळकसाहेबांनी डोळे मिटून सही केली असती. पण गोऱ्या-काळ्या मुलामुलींनी एकमेकांबरोबर फिरायला जायचं नाही, ही बंदी होती नियमांत. त्यावरून विद्यापीठाची करसवलत गेली, १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टातही ते हरलं, आणि तरी ती बंदी उठायला २००० साल उजाडलं. आपल्या सावळ्या मुली तिकडे पाठवताना एवढं माहीत असलेलं बरं.

शंका काढते म्हणून मुलगी संकोचत असेल तर तिला पंडिता रमाबाईंचं सांगा. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि पुढे चेल्टनमच्या लेडीज कॉलेजात राहून त्रैक्यापासून (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) बिशपांच्या अधिकारापर्यंत एकेका मताचा पत्रांतून कीस पाडला. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्यावर जीव लावून होत्या, आणि तितक्याच वैतागल्याही होत्या. त्याच रमाबाईंनी पुढे केडगावला बसून अख्खं बायबल मूळ भाषांवरून सोप्या मराठीत आणलं.

आता माझं मत, विचारलंय म्हणून. चौथ्या कलमासमोर मुलीने आज काही लिहू नये. त्याऐवजी पत्र लिहावं, मामाने नव्हे, तिने : माझा बाप्तिस्मा लहानपणी सी.एन.आय.मध्ये झाला आहे, तो तुम्ही धरता का? पुन्हा घ्यावा लागेल का? नाही घेतला तर प्रभुभोजन, वसतिगृह, शिष्यवृत्ती, पदवी यांपैकी कशावर परिणाम होईल? उत्तर लेखी मागावं. ते 'हो, घ्यावा लागेल' असं सरळ आलं तरी मला त्या कॉलेजबद्दल आदर वाटेल. मुलीने नको म्हणावं आणि सलाम करून निघावं. 'तू ये तर खरी, मग बघू' असं आलं तर मात्र मला हौदावरचा पत्रा आठवेल. सहावं तिला पटत नसेल तर तिथे आद्याक्षरं नकोत, शिष्यवृत्ती कितीही असो. पटत असेल तर घालावीत, मी कोण अडवणार. पदवीला भारतात समकक्षता मिळते का हा प्रश्न निराळा, तो वेगळा तपासा. मतं कितीही शुद्ध असली तरी त्यांनी पदवी चालत नाही.

शनिवारी दुपारी मी घरी असते. ऐरोलीहून ठाणे दोन स्टेशनं. मासिकाच्या कार्यालयात फोन केलात तर चरईतला माझा पत्ता मिळेल. पत्रक घेऊन या, आणि मुलीलाही आणा.

प्रश्न : नमस्कार मॅडम. आम्ही हिंदू. मुलाला अकरावीला ख्रिस्ती संस्थेच्या ज्युनिअर कॉलेजात प्रवेश मिळाला आहे. तिथे त्याला प्रार्थनेला बसवतील का? माझी आई फार घाबरली आहे. – एक वडील, खारघर

उत्तर : आजींना सांगा, मुंबईत मिशनऱ्यांनी काढलेलं विल्सन कॉलेज १८३२ पासून आहे आणि तिथून किती हिंदू घरांतली मुलं हिंदूच राहून बाहेर पडली, याची गणती नाही. घटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना संस्था चालवायचा हक्क दिला, तसं कलम २८ (३) ने तुम्हालाही काही दिलंय : सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला संमतीशिवाय बसवता येत नाही, आणि मुलगा अज्ञान असेल तर संमती पालकाची लागते. अकरावीतला मुलगा सोळाचा, म्हणजे ती संमती तुमची. ती प्रवेशाच्या फॉर्ममध्येच एखाद्या ओळीत मागून घेतलेली असू शकते, तेवढी ओळ शोधा. बऱ्याच ठिकाणी कॅथलिक मुलं कॅटेकिझमला (धर्मशिक्षणाच्या तासाला) जातात आणि बाकीच्यांना त्याच तासाला नीतिशिक्षण असतं. त्या तासाला पोरं मागच्या बाकावर बसून डबा खातात, हे मी पाच वर्षं पर्यवेक्षण करताना पाहिलं आहे.