ग्रिसेल्दा मुकाट का सोसते?

प्रश्न : आमच्या कोथरूडच्या वाचनकट्ट्यावर चौदाव्या शतकातल्या इटालियन लेखक बोकाचिओची ग्रिसेल्दाची गोष्ट वाचली. नवरा दोन्ही मुलं हिरावून नेतो, तिला घराबाहेर काढतो, तरी ही हूं की चूं करत नाही. निम्म्या जणी भडकल्या, निम्म्या म्हणाल्या, ही तर आपल्या चांगुणेसारखी सत्त्वपरीक्षा. खरं काय? – एक वाचक

उत्तर : तुमच्या पुस्तकात निवेदक शाबूत आहे का, ते आधी बघा. बोकाचिओच्या 'डेकॅमेरॉन'मध्ये दहा जण दहा दिवस गोष्टी सांगतात; त्यातली ही शंभरावी, शेवटची गोष्ट त्यांच्यापैकी दिओनेओ सांगतो. तो सुरुवातीलाच बजावतो, की इटलीतल्या सालुत्सोच्या या सरदाराचं, म्हणजे ग्रिसेल्दाच्या नवऱ्याचं, ग्वाल्तिएरीचं वागणं म्हणजे निव्वळ पाशवी खुळेपणा. कुणी त्याचा कित्ता गिरवू नये. संक्षिप्त आवृत्त्यांत नेमका हाच भाग उडवतात. मग उरते नुसती सोशिक बायको.

बोकाचिओचा मित्र, कवी पेत्रार्क याने १३७३ साली ही गोष्ट लॅटिनमध्ये नेली आणि तिचा रोखच बदलला. बायकांनी तिचं अनुकरण करणं जवळजवळ अशक्य, पण माणसाने देवापुढे तरी असं अढळ राहावं, असा अर्थ त्याने लावला. इंग्रज कवी चॉसरने हीच लॅटिन गोष्ट पुढे इंग्रजीत आणली. तुमच्या चांगुणावाल्या मैत्रिणी नकळत पेत्रार्कच्या बाजूच्या आहेत! पण चिलयाच्या गोष्टीत दारात आलेला अतिथी खुद्द शंकर असतो. बोकाचिओकडे परीक्षा घेणारा साधा नवरा आहे, आणि बायकोने काडीचाही अपराध केलेला नाही.

आणि ती अगदीच मुकी नाही. हाकलल्यावर ती म्हणते, उघड्या अंगाने आले, तशीच जाईन; पण सोबत आणलेलं कौमार्य काही परत नेता येत नाही, त्याच्या बदल्यात अंगावर एक सदरा तरी राहू द्या. पुढे नव्या नवरीच्या स्वागतासाठी घर झाडायलाही तिलाच बोलावतात. ही नवरी म्हणजे परीक्षेपुरती आणलेली तिचीच बारा वर्षांची मुलगी, हे तिला ठाऊक नसतं. तेव्हा ती नवऱ्याला विनवते, पहिलीला दिलेत तसे टोचे हिला देऊ नका, ही लाडात वाढली आहे. अख्ख्या गोष्टीत तिने त्याला दिलेला ठपका तो एवढाच. कट्ट्यावर हे वाक्य मोठ्याने वाचा.

पुढच्या बैठकीला दुसऱ्या दिवसाची नववी गोष्ट घ्या. बायकोच्या निष्ठेवर लावलेल्या एका पैजेपायी नवरा तिला, जिनेव्राला, मारून टाकायचा हुकूम देतो. ती पुरुषवेषात निसटते, सुलतानाच्या चाकरीत राहते, आणि सहा वर्षांनी ती पैज खोटेपणाने जिंकलेल्या माणसाकडून भर दरबारात सगळं वदवून घेते.