रिपोर्टमध्ये औषध ‘सेन्सिटिव्ह’, तरी ताप परत का येतो?

ताई, तुमच्या वडिलांना लघवीची नळी आहे, अधूनमधून थंडी वाजून ताप येतो, कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, प्रत्येक वेळी क्लेबसिएला हा जंतू निघतो आणि औषध ‘सेन्सिटिव्ह’, म्हणजे त्याला मारू शकणारं, येतं. कोर्स संपला की आठ-दहा दिवस बरे जातात, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. देवगडात मिळतं ते औषध बनावट असेल का, मुंबईहून जास्त जोरदार काही मागवावं का, असं तुम्ही विचारलंय. मी रत्नागिरीत प्रयोगशाळेत जंतू वाढवण्या-ओळखण्याचं काम वर्षानुवर्षं केलं आहे. तुमचा प्रश्न वाचताना मला एकच गोष्ट खटकली: नळी शेवटची कधी बदलली, हे त्यात कुठेच नाही.

होडी पाण्यात सोडली की थोड्याच दिवसांत तिच्या बुडाला बुळबुळीत थर धरतो, हे तुमच्याकडे कोणालाही सांगावं लागत नाही. शंख-शिंपले नंतर येतात, आधी येतात ते जंतू. शरीरात घातलेल्या नळीवरही हेच होतं. जंतू रबराला किंवा सिलिकॉनला चिकटतात, वाढतात आणि स्वतःभोवती साखरेच्या लांब साखळ्या, प्रथिनं आणि मेलेल्या जंतूंचा डीएनए यांचा चिकट गर तयार करतात. याला बायोफिल्म म्हणतात. नळी जितके दिवस आत, तितका हा थर बसण्याचा संभव वाढतो. महिनाभर राहिलेल्या नळीत जंतू नाहीत असं क्वचितच आढळतं. ही घरच्यांची हयगय नसते, तो विचार आधी मनातून काढा.

आता तुमचा रिपोर्ट. तो खोटा नाही, पण तो वेगळ्याच जंतूंबद्दल बोलतो. प्रयोगशाळेत आम्ही लघवीतला जंतू घेऊन ताज्या, पोषक आगरवर (जंतू वाढवायच्या थिजवलेल्या जेलीवर) पसरतो, त्यावर औषधाच्या चकत्या ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवती किती जागा मोकळी राहिली ते मोजतो. तिथला जंतू सुटा असतो, भरपूर खातो, झपाट्याने वाढतो. नळीवरच्या थरात खोलवर बसलेल्याला ना पुरेसं अन्न मिळतं, ना प्राणवायू. तो जवळजवळ निजलेला असतो. पेनिसिलिनच्या जातीची औषधं जंतू स्वतःभोवतीची भिंत बांधत असताना त्याला मारतात. जो बांधतच नाही, त्याचं ती काय बिघडवणार? जेंटामायसिन, अमिकासिन या औषधांना जंतूच्या आत शिरायलाच त्याची ऊर्जा चालू असावी लागते. त्यामुळे सुट्या जंतूला पुरणारी मात्रा थरातल्याला पुरत नाही. कधी कधी शेकडो पट लागते, आणि तेवढं औषध माणसाला देता येत नाही.

नुसता गर औषधाला अडवतो, असं पुष्कळ जण समजतात. ते अर्धंच खरं आहे. अमेरिकेत मोंटाना इथे 2000 साली नेमका क्लेबसिएलाचाच थर घेऊन प्रयोग झाला. सिप्रोफ्लॉक्सासिन हे औषध थराच्या पार पलीकडे पोचलं, तरी आतले जंतू जगले. अँपिसिलिन हे पेनिसिलिनच्या जातीचं औषध अडलं, कारण जंतूंचं विकर (एन्झाइम) ते वाटेतच मोडत होतं. मग ते विकर नसलेला जंतू घेतला. अँपिसिलिन आत शिरलं, आणि तरीही थर तगला.

त्याच्याही कितीतरी आधी, 1944 साली, जोसेफ बिगर या आयरिश जीवाणुशास्त्रज्ञाला दिसलं होतं की पेनिसिलिन कितीही दिलं तरी स्टॅफिलोकॉकस या जंतूच्या दहा लाखांत एखादा उरतोच. त्या उरलेल्याला पुन्हा वाढवलं तर त्याची पिल्लावळ पेनिसिलिनने पहिल्यासारखीच मरते. तुमच्या घरी बहुधा हेच चाललं आहे. कोर्समध्ये लघवीतले सुटे जंतू मरतात, ताप उतरतो. औषध थांबलं की थरातले उरलेले पुन्हा सुटतात, वाढतात, आणि नव्या कल्चरमध्ये पुन्हा ‘सेन्सिटिव्ह’ म्हणूनच येतात. औषध बनावट असण्याची गरजच नाही.

पण हे असंच चालू दिलं तर खरा प्रतिकारही येतो, आणि मला काळजी त्याची वाटते. थरात जंतू एकमेकांना खेटून असतात, औषध तोडणारी जनुकं एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातात. वारंवारचे कोर्स अशाच जंतूंना जगवतात. मग रिपोर्टमध्ये एकेका औषधापुढे ‘रेझिस्टंट’ (जंतू त्याला दाद देत नाही) असं येऊ लागतं आणि शेवटी फक्त शिरेतून देण्याची महाग औषधं उरतात.

म्हणून डॉक्टरांना दोन गोष्टी स्पष्ट विचारा. पहिली: नळीची अजून गरज आहे का? पुष्कळदा ती केवळ सोयीसाठी राहून जाते. दुसरी: गरज असेल, तर ताप आल्यावर आधी नळी बदलून मग औषध सुरू करता येईल का? नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर ती बदलावी आणि कल्चरचा नमुना नव्या नळीतून घ्यावा, हीच मान्य पद्धत आहे. पिशवीतली लघवी कधीच पाठवू नका. नळी घरी ओढून काढू नका, आत तिला अडकवून ठेवणारा फुगवलेला फुगा असतो, ओढल्यास इजा होते.

ताप नाही, वेदना नाही, फक्त लघवी गढूळ किंवा वासाची आहे, एवढ्यावर अँटिबायोटिक घेऊ नका. कल्चरसुद्धा करू नका, जंतू निघणारच. कोकमाचं पाणी द्या, द्रवाला बंदी नसेल तर भरपूर द्या, पण त्याने थर सुटेल ही आशा ठेवू नका. पिशवी मूत्राशयाच्या खाली आणि जमिनीला न टेकलेली असू द्या. नळी-पिशवीचा जोड उगाच उघडू नका.

थंडी वाजून ताप, गुंगी किंवा असंबद्ध बोलणं, लघवी एकदम कमी होणं यांपैकी काही दिसलं तर रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय गाठा. चालू असलेला कोर्स मात्र माझं वाचून मध्येच बंद करू नका.

आणि नमुना एस.टी.ने तालुक्याला पाठवत असाल तर एवढं सांभाळा: मे महिन्याच्या उकाड्यात दोन तासांतच त्यात जंतू वाढू लागतात आणि आकडा फुगतो. घट्ट झाकणाची निर्जंतुक बाटली बर्फ घातलेल्या थर्मासात ठेवा, वर वेळ लिहा, आणि त्याच दिवशी पोचेल असं बघा.