घरून काम, कंपनी लांब, क्लायंट त्याहून लांब

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. सॉफ्टवेअर कन्सल्टन्सीतल्या ऑफरचा आनंद कळला, त्यामागची धाकधूकही कळली. ऑफिस नाही, टीम पाच-सहा शहरांत विखुरलेली, क्लायंट न्यूयॉर्कला आणि तू सांगलीत आईबाबांकडे. पगाराबद्दल तू भरभरून लिहिलंस, पण माझं लक्ष दुसऱ्याच ओळीवर थांबलं: वर्षभरात कंपनी बारा माणसांवरून साठवर गेली.

बारा माणसांत दोघादोघांच्या जोड्या होतात ६६, साठ माणसांत १,७७०. बारा जण असतात तेव्हा एखादा निर्णय का झाला ते कुणालाही विचारून कळतं. साठ झाले की ज्याला माहीत होतं तो दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेला असतो. ऑफिसात निदान चहाच्या टपरीवर काहीतरी कानावर पडतं, इथे तेही नाही. म्हणून जे लिहिलं गेलं नाही ते ठरलंच नाही, असं धरून चाल. कॉल संपला की टीमच्या चॅट चॅनेलवर तीन ओळी टाक: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. नवीन माणसाने हे करायचं का, असा संकोच नको. नवीन माणसालाच ते सगळ्यात नीट जमतं, कारण त्याला काहीच गृहीत धरता येत नाही. गिटलॅब ही पूर्णपणे रिमोट चालणारी कंपनी. तिचं हँडबुक कुणालाही वाचायला खुलं आहे. रुजू होण्याआधी त्यातला संवादावरचा भाग वाचून घे.

अडलं तर एकेकाला खासगी मेसेज करत बसू नकोस, सगळ्यांसमोर चॅनेलवर विचार. काय करत होते, काय करून पाहिलं, नेमका एरर काय आला, एवढं लिही. तुझ्यानंतर येणाऱ्याला ते उत्तर शोधून सापडेल. अर्धा दिवस एकटीने झुंजणं म्हणजे चिकाटी, असं कॉलेजात वाटतं. इथे तेवढ्या वेळात क्लायंटचे पैसे जळत असतात.

आता कन्सल्टन्सीचं खास दुखणं. तू दिवसभर क्लायंटच्या टीममध्ये, त्यांच्या स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगला, त्यांच्या कोडमध्ये असशील. सहा महिन्यांत तिथले सगळे तुला ओळखतील आणि स्वतःच्या कंपनीत तुझं नाव फक्त टाइमशीटवर, कामाच्या तासांच्या नोंदीत, उरेल. चांगली, मेहनती मुलं अशी अप्रेझलच्या वेळी अदृश्य झालेली मी पाहिली आहेत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. पंधरा दिवसांनी एकदा आपल्या मॅनेजरशी कॉल माग, त्याने लावायची वाट बघू नकोस. महिनाअखेरीस काय केलं त्याचं अर्धं पान लिहून त्याला पाठव. प्रोजेक्ट संपून बेंचवर आलीस, म्हणजे पुढचं काम मिळेपर्यंत रिकामी राहिलीस, की हीच अर्धी पानं तुझी बाजू मांडतील. टाइमशीट मात्र रोजच्या रोज आणि खरी भर. क्लायंटचं बिल बहुतेक वेळा त्यावरूनच निघतं. शिकण्यात गेलेला तास बिलेबल, म्हणजे क्लायंटच्या बिलात धरायचा, असा दाखवायचा नाही, कुणी सुचवलं तरी नाही.

न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात, उन्हाळ्यात साडेसहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं पुढे जातात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. संध्याकाळी काम असेल तर सकाळ तुझी, हे मॅनेजरला आणि घरच्यांनाही पहिल्याच आठवड्यात सांग. घरी दिसते म्हणजे मोकळी आहे, असं आजीला वाटणारच. राउटरला छोटा यूपीएस लाव आणि दुसऱ्या कंपनीचं सिम जवळ ठेव.

एक गोष्ट तू लिहिलीच नाहीस. तुला नोकरीवर घेताहेत की कॉन्ट्रॅक्टर म्हणून? नोकरी असेल तर पीएफमध्ये साधारणपणे मूळ पगाराच्या १२ टक्के तुझे आणि तेवढेच कंपनीचे जातात. कॉन्ट्रॅक्टरला पीएफ नाही, भरपगारी रजा करारात असेल तरच, आणि आगाऊ कर स्वतः आठवणीने भरायचा. आकडा तोच दिसला तरी हातात उरणारे पैसे वेगळे. सही करण्याआधी ऑफर लेटर मला पाठव. रविवारी सकाळी फोन कर, नोटीस पिरियड आणि रजेची कलमं आपण दोघी मिळून वाचू.

तुझी,
ताई