डाव संपल्यावर कोण थांबतं

प्रिय पोरी,

शनिवारी तुझ्या परळच्या खोलीवरून मी घाईत निघालो, बोरिवली गाठायची होती. तोंडी सांगायचं राहिलं, ते लिहून पाठवतो.

अनोळखी मुलांची मैत्री जुळावी म्हणून तू बनवलेला प्रश्नांच्या पत्त्यांचा खेळ फसला, हे तुलाही कळलंय. पण का फसला याबद्दल आपलं मत वेगळं आहे. तुला वाटतं प्रश्न वरवरचे होते, अजून खोलात जाणारे हवेत. मला वाटतं, निदान सुरुवातीला प्रश्नच नकोत.

मी कोपऱ्यात बसून पाहत होतो. नांदेडहून आलेला, अंधेरीला पीजीत राहणारा तो मुलगा. त्याच्या पत्त्यावर होतं, ‘तुला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?’ त्याने पत्ता दोनदा वाचला, पाण्याचा ग्लास उगाच फिरवला आणि म्हणाला, ‘पाल.’ सगळे हसले. पुढची पंधरा मिनिटं प्रत्येकाने असंच पालछाप उत्तर दिलं.

मग तू चहा टाकायला उठलीस. पुढचं तू पाहिलं नाहीस, म्हणून नीट सांगतो. पावसाळी हवेने तुझे पत्ते कमानीसारखे वाकले होते. डोंबिवलीच्या मुलीने त्यातले दोन उचलले आणि उलट्या बाजूने हळूहळू वाकवून सरळ करायला घेतले. नांदेडवाल्याने अर्धा गठ्ठा आपल्याकडे ओढला. ‘असं नको, दुमडेल. अंगठा मधे ठेव.’ दोघांच्या माना खाली. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, ‘तुमच्या पीजीत पण ओल येते का?’ तो म्हणाला, कपाटातल्या शर्टांना बुरशी आलीय, पण आईला फोनवर ‘रूम मस्त आहे’ असंच सांगतो. भीतीबद्दल या वेळी कुणी विचारलं नव्हतं. खरं उत्तर मात्र आत्ता आलं होतं.

तुझा खेळ तिथे आहे. हातांना काम हवं, नजर टेबलावर हवी, आणि ते काम एकट्याने उरकणारं नसावं.

गिरगावातल्या आमच्या चाळीत गॅलरीत कॅरम मांडलेला असायचा. वर खाली ओढलेला बल्ब, बोरिक पावडरचा वास, चार जण खेळणारे आणि आठ जण डोक्यावर उभे. मनातलं सांग, असं आम्ही एकमेकांना कधी म्हटलं नाही. पण राणी घेऊन कव्हर चुकल्यावर कोण बोर्डावर हात आपटतो, आणि भिडूची चूक कोण स्वतःवर ओढून घेतो, हे पाठ होतं. पुढे ज्याच्याकडे अडीनडीला पैसे मागायला गेलो, तो हा दुसरा. १९५० साली मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठाच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास मांडला. तिथे आवडीनिवडी जुळण्याआधी दारं जवळ असणं महत्त्वाचं ठरलं होतं. ज्यांची येता-जाता गाठ पडायची, त्यांची मैत्री व्हायची. चाळीत वाढलेल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. पण तुझ्या पिढीला गॅलरी नाही. नोकरीसाठी आलेली मुलं तीन-तीन वर्षं एकाच मजल्यावर राहतात आणि समोरच्याचं नाव कुरियरच्या पाकिटावर वाचतात. तू जे करू पाहते आहेस ते टेबलाएवढी गॅलरी बांधणं आहे. म्हणून मला ते इतकं मोलाचं वाटतं.

प्रश्नांनी जवळीक येतच नाही, असं मी म्हणत नाही. मानसशास्त्रज्ञ आर्थर एरन यांचा १९९७ सालचा, अनोळखी जोड्यांत जवळीक आणणारा ३६ प्रश्नांचा प्रयोग तूच मला दाखवलास. पण त्यातली पायऱ्यांची रचना पुन्हा बघ. तीन संच, प्रत्येकाला साधारण पंधरा मिनिटं, सुरुवात अगदी हलकी, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दोघांनीही द्यायचं. तू पहिल्याच पत्त्यावर एकट्याला उभं केलंस.

आणि उत्तराला गुण देऊ नकोस. कधीच नको. ही चूक मी केली आहे. एका कंपनीत नव्याने लागलेल्या मुलांची ओळख व्हावी म्हणून मी खेळ बनवला होता, मोकळेपणाने बोलेल त्याला जास्त गुण. गुण आहेत म्हटल्यावर मुलं दुःखं रंगवून सांगू लागली. एक मुलगी काहीच बोलली नाही आणि शेवटची आली. सगळ्यांसमोर तिचे गुण मी वाचून दाखवले. तिचा तो चेहरा आजही डोळ्यांसमोर येतो. तुझ्या खेळात ‘पास’ म्हणायची मुभा पहिल्या मिनिटापासून असू दे, आणि तिला दंड नको.

मग खेळात असावं काय? मेंढीकोट आठव. चौघे, समोरासमोर भिडू, दश्शा गोळा करायच्या, आणि इशारे बंद. भिडूने टाकलेल्या पानावरून त्याच्या हातात काय असेल ते ओळखायचं. चार डावांत तुम्हाला त्याची विचार करायची पद्धत कळते. पत्त्यांतल्या जोडीदाराला आणि दोस्ताला मुंबई एकच शब्द वापरते, तो उगाच नाही. आँत्वान बोझा यांनी बनवलेल्या ‘हनाबी’ या पत्त्यांच्या खेळात हीच गोष्ट वेगळ्या वाटेने येते. पत्ते उलटे धरायचे, म्हणजे तुमचा हात तुम्हाला सोडून सगळ्यांना दिसतो, आणि इशारे मोजकेच. माझं भलं दुसऱ्याच्या शब्दावर अवलंबून! २०१३ साली या छोट्याशा डबीला जर्मनीतला ‘श्पील देस यारेस’, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला.

सगळे मिळून जिंकायचे खेळ आपोआप मैत्री घडवतात, हा समज मात्र सोडून दे. सगळ्यांनी मिळून रोगाची साथ थोपवायच्या ‘पँडेमिक’सारख्या खेळात सगळ्यांना सगळं दिसतं, मग जो हुशार असतो तो बाकीच्यांच्याही चाली सांगत सुटतो आणि उरलेले तिघे हमाल होतात. प्रत्येकाकडे असं काही असू दे, जे फक्त त्यालाच माहीत आहे.

आता वेळेचं बोलू. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये हिशोब मांडला, तो असा, की नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास एकत्र जावे लागतात, आणि घट्ट मैत्रीला २०० च्या वर. तुझा डाव ४० मिनिटांचा आहे. म्हणजे ५० तासांसाठी ७५ बैठका! एका संध्याकाळी मैत्री जुळवून द्यायचा हट्ट त्यामुळे सोडावा लागेल. पुढच्या बैठकीचं निमित्त ठेवता आलं तर बघ. डब्यात दहा कोरे पत्ते टाक. प्रत्येक बैठकीच्या शेवटी सगळ्यांनी मिळून एक नवा नियम लिहायचा, खाली तारीख घालायची, आणि तो लागू होणार पुढच्या वेळी. आपण लिहिलेला नियम चालतो का, हे बघायला तरी माणसं येतील.

बाकी बारीकसारीक. कुणाची ट्रेन असते, कुणाची शिफ्ट, तेव्हा मधूनच एक जण उठला तरी डाव मोडता कामा नये. मांडणी इराण्याच्या टेबलावर चहाचे कप ठेवून मावली पाहिजे. पत्त्यांवर चित्रं जास्त, मजकूर कमी, कारण तुझ्या टेबलावर मराठी, हिंदी, गुजराती सगळेच बसणार. छापताना जाड, ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड घे आणि लॅमिनेशन दोन्ही बाजूंनी कर. एकाच बाजूने केलंस की दमट हवेत पत्ता वाकणारच.

आणि चाचणी घेताना ‘मजा आली का?’ असं विचारू नकोस, सगळे हो म्हणतात. डाव संपला की घड्याळ बघ, आणि डबा बंद झाल्यावर किती जण किती वेळ बसून राहतात ते वहीत लिही. शनिवारी ते दोघं पंचवीस मिनिटं बसले होते, तुझा चहा गार होईपर्यंत.

येत्या रविवारी बोरिवलीला ये. त्या दोघांना आण, मी आमच्या सोसायटीतली दोन नवी मुलं बोलावतो, कुणाला ओळखत नाहीत अजून. पत्ते कापून आणू नकोस. छापलेले मोठे कागद तसेच घेऊन ये. माझ्याकडे चार कात्र्या आहेत, आधी सगळे मिळून कापायला बसू.

तुझा,
काका