वडिलांसाठी दोन-अडीच हजारांचं स्मार्टवॉच घेतलं तर खरंच उपयोग होईल का?

घ्या, पण बीपी आणि साखर बघायला म्हणून घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की वडील चौसष्ट वर्षांचे आहेत, बीपीची गोळी चालू आहे, निवृत्तीनंतर घराबाहेर पडेनासे झालेत, आणि दुकानदार म्हणतोय की या एका घड्याळात पावलं, ठोके, ऑक्सिजन, बीपी, साखर सगळं कळतं. मी साताऱ्यात एका पतसंस्थेत कॅशिअर आहे. दिवसभर खुर्चीत. गेली दोन वर्षं असंच बावीसशेचं घड्याळ हातात आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, या किमतीत वरचं खोकं बदलतं, आतला माल साधारण एकच.

आधी साखर. सुई न टोचता मनगटावरून साखर सांगतो असं म्हणणाऱ्या दुकानातून सरळ बाहेर पडा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर इशारा दिला होता की त्वचेला न टोचता रक्तातली साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही. अडीच हजारांच्या घड्याळाला ते जमलं असतं तर मधुमेहाच्या पेशंटांनी रोज बोटं टोचून घेतली असती का?

बीपीची गोष्ट माझ्याच घरातली. आईचं बीपी डॉक्टरांनी १५२/९४ मोजलं. घरी येऊन तिच्या हातात घड्याळ बांधलं तर ११९/७८. मग माझं बघितलं, ११८/७७. जेवायला आलेल्या मेहुण्याचं १२१/७९. घड्याळाच्या हिशोबाने आमच्या घरात सगळे ठणठणीत. डॉक्टरांचं यंत्र दंडाला पट्टा आवळून धमनी दाबतं आणि त्यावरून दाब काढतं. हे घड्याळ काहीच दाबत नाही, नुसता उजेड पाडतं आणि बाकीचा अंदाज बांधतं. असा अंदाज बघून वडिलांनी ‘आता बरं आहे’ म्हणत एक दिवस गोळी चुकवली तर घड्याळ फुकट मिळालं तरी महाग पडेल. दंडाला बांधायचं डिजिटल यंत्र दीड-दोन हजारांत येतं. बीपीसाठी ते घ्या, आणि घड्याळातला बीपीचा पडदा बंद करता येत असेल तर करून टाका. आम्ही तेच केलं.

ठोके मात्र बऱ्यापैकी बरोबर येतात, पण माणूस शांत बसलेला असताना. घड्याळ उलटं करून बघा, खाली हिरवे दिवे लुकलुकतात. रक्त हिरवा उजेड शोषून घेतं. ठोका पडला की मनगटात रक्त जास्त येतं, परत येणारा उजेड कमी होतो, त्या चढउतारावरून ठोके मोजले जातात. हात हलला, पट्टा सैल झाला, घाम आला की गणित बिघडतं. अजिंक्यताऱ्याचा रस्ता चढताना पहिली दहा मिनिटं मला धाप लागलेली असते आणि घड्याळ निवांत ९२ दाखवत असतं. मग एकाएकी त्याला जाग येते आणि ते १५८ वर उडी मारतं. थंडीत बोटं गार पडली की आणखी गोंधळ. मनगटावर गोंदलेलं असेल तर तिथेही उजेड अडतो. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, जरा घट्ट बांधलं की आकडे पुष्कळ सुधारतात.

ऑक्सिजनबद्दल एकच सांगतो. एकदा गंमत म्हणून ओला टॉवेल गुंडाळून त्याला घड्याळ बांधलं. टॉवेलचा ऑक्सिजन ९७ टक्के आला.

आता पावलं. आत एक छोटा सेन्सर असतो, तो हाताची हालचाल ओळखतो. पाय कुठे आहेत हे त्याला ठाऊक नसतं. गणपतीत अर्धा तास टाळ्या वाजवून आरत्या म्हटल्या की माझ्या खात्यात हजारभर पावलं जमा होतात, जागेवरून न हलता. खड्ड्यांतून स्कूटर चालवली तरी थोडी मिळतात. उलट मंडईतून दोन्ही हातांत भाजीच्या जड पिशव्या घेऊन घरापर्यंत चालत आलो की निम्मी पावलं गायब, कारण हात हललेच नाहीत. आणि अंतर? ज्या घड्याळात स्वतःचं जीपीएस नाही ते पावलांना सरासरी ढांगेने गुणतं. चारशे मीटरच्या ट्रॅकवर मी दहा फेऱ्या मारल्या, घड्याळ म्हणालं साडेचार किलोमीटर. फोन खिशात ठेवून त्याचं जीपीएस वापरलं तर फरक बराच कमी होतो. खोक्यावर ‘जीपीएस’ लिहिलेलं असलं तरी ते घड्याळाचं की फोनचं, हे विचारून घ्या.

एवढं सगळं चुकतं तर मी ते काढून का ठेवलं नाही? कारण एरवीच्या दिवसांत ते साधारण सारखंच चुकतं. काल चार हजार, आज अडीच हजार, म्हणजे आज मी कमी चाललो, एवढं त्यातून नक्की कळतं. रात्री साडेनऊला चारशे पावलं बाकी दिसली की मी अंगणात येरझाऱ्या घालतो. बायको हसते. पण दोन वर्षांपूर्वी त्या वेळी मी सोफ्यावर आडवा असायचो.

वडिलांचं घड्याळ पहिल्या दिवशी चालू केलंत की त्यातलं दहा हजारांचं लक्ष्य आधी बदला. तो आकडा काही मोठ्या अभ्यासातून निघालेला नाही. १९६५ मध्ये जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. नाव लक्षात राहिलं आणि आकडा जगभर चिकटला. सरासरी बहात्तर वर्षांच्या अमेरिकन स्त्रियांवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये आला, त्यात साडेसात हजारांच्या आसपास फायदा वाढायचा थांबलेला दिसला, आणि रोज साडेचार हजारांच्या आसपास चालणाऱ्यांनाही अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा स्पष्ट फायदा होता. तुमच्या वडिलांना तीन हजारांपासून सुरू करू द्या. पहिल्याच आठवड्यात रोज ‘लक्ष्य अपूर्ण’ बघून माणूस घड्याळ कपाटात टाकतो. आमच्या ऑफिसातल्या दोघांची तशीच पडून आहेत.

झोपेचे आकडे मी बघत नाही. पडल्या पडल्या पेपर वाचत होतो तेही त्याने झोपेत धरलं.

ज्या गोष्टीसाठी घेतलं नव्हतं तीच रोज उपयोगी पडते, ती म्हणजे मनगटावरची थरथर. एसटीत फोन बॅगेत असतो, आवाज ऐकू येत नाही, पण आईचा फोन आलेला हाताला कळतो. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना तर हे फारच बरं. घड्याळावरून बोलताही येतं, मात्र समोरच्याचं बोलणं अख्ख्या गल्लीला ऐकू जातं.

बॅटरीचं म्हणाल तर खोक्यावर सात दिवस लिहिलं होतं. कॉलिंग आणि सतत ठोके मोजणं चालू ठेवलं की तीन दिवस. चार्जर चुंबकाने चिकटणारा, आणि त्याच मॉडेलचा लागतो. माझा गावी विसरला तेव्हा बाजारात मिळता मिळेना, ऑनलाइन येईपर्यंत आठवडा घड्याळाविना गेला. सिलिकॉनच्या पट्ट्याखाली घाम साचून पुरळ येतं, म्हणून रात्री काढून मनगट कोरडं करायला वडिलांना सांगा. पाण्याचे शिंतोडे चालतात, पण गरम पाणी आणि साबण नको.

आणखी एक, जे कोणी सांगत नाही. स्वस्त घड्याळांपैकी बऱ्याच जणांना देवनागरी वाचता येत नाही. वडिलांना मराठीत मेसेज येत असतील तर पडद्यावर नुसते चौकोन दिसतात, किंवा जोडाक्षरांचे तुकडे पडतात. माझ्या घड्याळावर ‘लग्नपत्रिका’ कधीच नीट उमटली नाही. दुकानातच तुमचा फोन जोडून घ्या, सोबतच्या कुणाला तरी ‘ज्ञानेश्वर’ असा मेसेज पाठवायला सांगा. नीट वाचता आला तर पैसे द्या, नाहीतर दुसरं दाखवायला सांगा.