वाचकांचे प्रश्न : मटेरियल सायन्सचे प्रॅक्टिकल

मराठीत ‘पदार्थविज्ञान’ म्हटले की लोकांना फिजिक्स आठवते. त्यामुळे या वेळच्या प्रश्नांना आम्ही वर्गात चालतो तोच शब्द वापरला आहे. बडोद्यात अभियांत्रिकीचे शिक्षण नवे नाही. सयाजीराव महाराजांनी 1890 साली कलाभवन काढले, आणि विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा आजही त्याच नावाने ओळखली जाते. प्रश्न मात्र आजच्या प्रयोगशाळेतले आहेत.

प्रश्न : दुसऱ्या वर्षाच्या टेन्साइल टेस्टमध्ये (नमुना ताणून पाहण्याच्या चाचणीत) माइल्ड स्टीलचा यंग्ज मॉड्युलस, म्हणजे ताठपणाचे माप, दर बॅचला 25 ते 30 गिगापास्कल येतो. पुस्तकात 200 आहे. मुले जर्नलमध्ये सरळ 200 लिहून मोकळी होतात. मशीन बिघडले आहे का? — अध्यापिका, दांडिया बाजार, बडोदे

मशीन ठीक आहे. तुम्ही क्रॉसहेडचे (नमुना ओढणाऱ्या मशीनच्या सरकत्या आडव्या दांड्याचे) विस्थापन हीच नमुन्याची लांबवाढ धरत आहात, घोटाळा तिथे आहे. क्रॉसहेड सरकतो तेव्हा नमुना ताणला जातोच, पण जबडे, त्यांच्या पाचरी, स्क्रू आणि फ्रेमही थोडे थोडे ताणले जातात. एकापुढे एक जोडलेल्या स्प्रिंगा समजा. सर्वांत मऊ स्प्रिंग सर्वांत जास्त लांबते, आणि इथे ती नमुना नसते.

आकडे घेऊ. नमुना 10 मिमी व्यासाचा आणि गेज लांबी (जिच्यात वाढ मोजायची ती लांबी) 50 मिमी, म्हणजे छेद 78.5 चौ. मिमी. याचा ताठपणा 78.5 × 200 ÷ 50, म्हणजे मिलिमीटरला 314 किलोन्यूटन. जबड्यांसकट मशीनचा ताठपणा मिलिमीटरला 50 किलोन्यूटन धरा. मग 10 किलोन्यूटन भाराला नमुना 0.032 मिमी लांबतो आणि मशीन 0.2 मिमी देते. एकूण 0.232 मिमी ला 50 ने भागले की विकृती (मूळ लांबीच्या प्रमाणात वाढ) 0.00464 येते. प्रतिबल (भार भागिले छेद) 127 मेगापास्कल. भागाकार 27 गिगापास्कल. तुमच्या मुलांचे उत्तर चुकलेले नाही, ते फक्त दुसऱ्याच वस्तूचे आहे.

उपाय एक्स्टेन्सोमीटर, म्हणजे नमुन्यावरच बसून फक्त त्याची वाढ मोजणारे उपकरण, पण कोणताही चालत नाही. 12 किलोन्यूटनला 50 मिमी लांबीत वाढ होते अवघी 0.038 मिमी. अल्पतम माप 0.01 मिमी असलेल्या डायलवर काटा चार घरेही पुरा सरकत नाही, 0.001 मिमी वाचणाराच हवा. दर 2 किलोन्यूटनला वाचन घ्या आणि 2 ते 12 या भागातलाच उतार काढा. शून्याजवळचा वाकडा भाग जबडे बसण्याचा असतो, तो सोडून द्या. यील्ड (नमुना कायमचा ताणला जाऊ लागणे) दिसू लागले की भार थांबवून उपकरण काढून ठेवा. नमुना तुटतो तेव्हा बसणारा धक्का ते सोसत नाही.

एक्स्टेन्सोमीटर नसेल तर नमुन्याच्या टोकांइतक्याच जाडीचा, समजा 16 मिमीचा, सरळ गज जबड्यांत थोडे अंतर ठेवून धरा आणि त्याचा भार-विस्थापन आलेख काढा. गजाची स्वतःची वाढ हिशेबाने वजा केली की जे उरते ते मशीनचे. प्रत्येक भाराला ते मूळ आलेखातून वजा करा. जबडे तेच हवेत आणि पकडीची खोलीही तीच, नाहीतर दुरुस्तीच नवी चूक होऊन बसते. या वाटेने अगदी 200 येईल असे नाही. तरी जर्नलमध्ये आलेला आकडा लिहायला लावा आणि त्यावरून मशीनचा ताठपणा काढायला सांगा. 200 खोडून हे एक पान आले तरी प्रॅक्टिकल सार्थकी लागले असे आमचे मत आहे.

प्रश्न : पोलादाला पाणी दिले (लाल तापवून एकदम गार केले) की ते ‘कडक’ होते, म्हणजे कमी वाकते, असे मुलांच्या डोक्यात घट्ट बसले आहे. हे वर्गात कसे मोडून काढावे? 65 मुले आहेत. — डिप्लोमा कॉलेज, बडोदे

दोष थोडा आपल्या भाषेचाही आहे. पापड कडक, इस्त्री कडक, चहा कडक आणि मास्तरही कडक. वर्गात टणकपणा (खाच-ओरखडा न पडणे), ताकद (कायमचे न वाकता भार सोसणे) आणि ताठपणा (भाराखाली कमी वाकणे) हे तीन शब्द पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा.

टणक केलेल्या कार्बन स्प्रिंग पोलादाची पट्टी घ्या, 12.5 मिमी रुंद, 0.65 मिमी जाड, आणि 300 मिमीचे दोन तुकडे करा. हॅकसॉ ब्लेड मात्र नको. ते हाय स्पीड स्टीलचे निघाले तर तापवून हवेत ठेवल्यावरही पुन्हा टणक होते, आणि काही ब्लेडांचे फक्त दातच टणक असतात. एक तुकडा 700 अंश सेल्सिअसला तासभर ठेवून भट्टीतच गार होऊ द्या. कानस पहिल्या तुकड्यावर कशीबशी लागते, दुसऱ्यावर सहज. हे मुलांच्या हातून करून घ्या.

आता दोन्ही टेबलाच्या कडेला क्लॅम्प करा, 200 मिमी बाहेर, आणि टोकाला 50 ग्रॅम टांगा. दोन्ही सुमारे 23 मिमी खाली येतात. वजन लावण्याआधी मुलांना हात वर करून अंदाज सांगायला लावा, त्याशिवाय हे लक्षात राहत नाही. नंतर 300 ग्रॅम टांगून काढून घ्या. टणक पट्टी सरळ होते, मऊ पट्टी वाकलेलीच राहते. ताठपणा अणूंमधल्या बंधांवर ठरतो आणि उष्णतोपचाराने तो जवळजवळ बदलत नाही. टणकपणा मात्र डिसलोकेशनच्या (स्फटिकातल्या सरकत्या दोषरेषांच्या) वाटेतल्या अडथळ्यांचा.

प्रयोग फसतो तो पपडीमुळे. भट्टीत पट्टीवर ऑक्साइड धरले की जाडी कमी होते, आणि वाक जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. जाडी 0.03 मिमी घटली की वाक सुमारे 15 टक्के वाढतो, आणि मागच्या बाकावरून लगेच आवाज येतो, “मऊ जास्त वाकली, सर.” म्हणून पट्टी डब्यात बीडाच्या (ओतीव लोखंडाच्या) चुऱ्यात पुरून तापवा आणि आधी-नंतर मायक्रोमीटरने मोजा.

प्रश्न : नमुना पॉलिश करून नायटल (रचना दिसावी म्हणून लावायचे नायट्रिक आम्ल व अल्कोहोलचे द्रावण) लावले की सूक्ष्मदर्शकात रेघा, शेपट्या किंवा नुसता काळोख दिसतो. पावसाळ्यात तर तासाभरात गंज. — प्रयोगशाळा साहाय्यक, रावपुरा

तिन्हींची कारणे वेगळी आहेत.

रेघा राहतात त्या घाईने. 220, 320, 400, 600, 800, 1000 असा एमरी पेपरांचा क्रम घ्या. प्रत्येक कागदाला नमुना 90 अंशांत फिरवा आणि आधीच्या रेघा पूर्ण गेल्यावर तेवढाच वेळ आणखी घासा, कारण रेघेखालचा चिरडलेला थर डोळ्याला दिसत नाही. कागद बदलताना नमुना आणि हात, दोन्ही धुवा. 220 चा एक कण कापडावर गेला की सकाळची सगळी मेहनत पाण्यात.

धूमकेतूसारख्या शेपट्या म्हणजे फिरत्या कापडावर नमुना एकाच दिशेत धरून ठेवला. समाविष्ट कणांमागे कापड मऊ भाग ओढत नेते. नमुना चकतीच्या उलट दिशेने फिरवत राहा आणि 1 मायक्रॉन अॅल्युमिनाचा टप्पा लांबवू नका.

काळोख म्हणजे नायटल जास्त वेळ. 98 मिलि इथेनॉलमध्ये 2 मिलि नायट्रिक आम्ल हळूहळू घाला, उलट क्रमाने कधीच नाही. थोडेच करा आणि घट्ट बुचाच्या बाटलीत साठवू नका. 5 टक्क्यांवरचे तर अजिबात नाही. पर्लाइटच्या (लोह आणि लोह-कार्बाइडच्या आळीपाळीच्या थरांच्या) पोलादाला 5 ते 10 सेकंद पुरतात. चकाकी जाऊन पृष्ठभाग किंचित धुरकट झाला की थांबा. कमी पडले तर पुन्हा लावता येते, जास्त झाले तर पुन्हा पॉलिश.

गंजाचा दोष बहुतेक वेळा नळाच्या पाण्याकडे जातो. पाण्यानंतर लगेच अल्कोहोलने धुवा, हेअर ड्रायरने तिरका झोत देऊन वाळवा आणि सिलिका जेल घातलेल्या डेसिकेटरमध्ये ठेवा. जेलचा रंग बदलला की ते भट्टीत तापवून पुन्हा वापरा. जुलैमध्ये हे आठवड्याला करावे लागू शकते. बेकेलाइटच्या माउंटलाही एक अडचण आहे. ते 150 अंशांच्या आसपास शिजते, तेवढ्यात नुकतेच पाणी दिलेले मार्टेन्साइट (पाणी दिल्यावर बनणारी टणक रचना) थोडे टेम्पर होते, म्हणजे उष्णतेने बदलते. अशा नमुन्याला थंड रेझिन वापरा.

प्रश्न : युटेक्टॉइड तापमान (ज्याला गार होणाऱ्या पोलादात पर्लाइट बनते ते) 723 की 727? कार्बन 0.8 की 0.77? परीक्षेत गुण कापले जातात. — विद्यार्थी, मांजलपूर

शुद्ध लोह-कार्बन आकृतीसाठी 727 अंश आणि 0.76 किंवा 0.77 टक्के हे आजचे आकडे. 723 आणि 0.8 जुन्या पुस्तकांतले. दोन्हींना गुण द्यावेत असे आम्ही परीक्षकांना सुचवू. शिवाय हे आकडे समतोलाचे आहेत. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतल्या एखाद्या भट्टीत पोलाद तापवताना हेच रूपांतर 727 च्या वर होते आणि गार करताना खाली. मँगनीज आणि निकेल ते खाली ओढतात, क्रोमियम आणि सिलिकॉन वर नेतात. व्हायवात आकडा कोणताही सांगा, पण तापवतानाचा की गार करतानाचा, हे विचारल्यावर अडखळू नका.